चौथी जोडी

मार्च १९९९मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, एकाच अंकात आणि एकापाठोपाठ एक, दोन शोधनिबंध छापून आले. मानवाच्या पूर्वजांचा काळ ठरवण्यात गढलेल्या मंडळींची झोप उडावी असाच त्यांचा विषय होता. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, माणसात १६,५६९ अक्षरांचा, आणि तो फक्त आईकडून मुलांकडे येतो, हे तोवर पाठ्यपुस्तकात पक्के झाले होते. बापाचा अंशच नाही म्हटल्यावर दोन वंशांची सरमिसळ होण्याचा प्रश्न उरत नाही. अक्षरे बदलतील ती केवळ उत्परिवर्तनाने, एकेक करून, आणि म्हणून जगातल्या सगळ्या माणसांचे मायटोकाँड्रिया एकाच झाडाच्या फांद्यांवर नीट बसवता येतील. १९८७ साली कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी हे झाड काढले आणि त्याचे मूळ सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत नेऊन ठेवले, ते याच भरवशावर. नव्या दोन निबंधांचे म्हणणे होते की हा भरवसा कच्चा आहे. मायटोकाँड्रियाच्या डीएनएतही पुनर्संयोजन होते, म्हणजे दोन वेगळ्या वंशांचे तुकडे जोडून तिसराच रेणू तयार होतो. तसे असेल तर झाड एक नाही. प्रत्येक तुकड्याचे झाड वेगळे, त्याचे मूळ वेगळे, आणि दोन लाखांच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

या दोन निबंधांच्या लेखकांपैकी कोणीही पुनर्संयोजन होताना पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर होत्या फक्त आज जिवंत असलेल्या माणसांच्या अक्षरमाला. हजारो वर्षांपूर्वी कोणत्या तरी पेशीत दोन रेणू जुळले की नाही, हे आजच्या अक्षरांवरून सांगायचे, तर मधला सगळा रस्ता संख्याशास्त्राचा आहे. या रस्त्यावर दोन प्रकारचे पुरावे भेटतात. काही पद्धती विसंगतींची मोजणी करतात, तर काही त्या विसंगती अक्षरमालेत कुठे कुठे पडल्या आहेत हे पाहतात. माझ्या मते यातली पहिली जात जवळजवळ नेहमी अपुरी ठरते आणि खरा पुरावा दुसऱ्या जातीतच सापडतो. मायटोकाँड्रियाचा पुढचा वाद हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

आधी मूळ कल्पना. जुन्या हस्तलिखितांची वंशावळ लावणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. लेखनिकाने एकाच पोथीवरून नक्कल केली, तर आधीच्या चुका तशाच उतरतात, नव्यांची भर पडते, आणि चुकांच्या आधारे कोणती पोथी कोणावरून उतरली ते सांगता येते. पण एखाद्याने निम्मा ग्रंथ एका पोथीवरून आणि उरलेला दुसरीवरून उतरवला, की वंशावळ मोडते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांना या सरमिसळीने पुरते छळले होते. डीएनएच्या बाबतीत चूक म्हणजे उत्परिवर्तन, आणि दोन पोथ्या समोर ठेवून केलेली नक्कल म्हणजे पुनर्संयोजन. फरक एवढाच की लेखनिकाच्या अक्षरावरून, शाईवरून काही अंदाज बांधता येतो. ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांना शाई नसते.

मग ओळखायचे कसे? सर्वांत साधी कसोटी चार जोड्यांची. अक्षरमालेतल्या दोन जागा घ्या. पहिल्या जागी काहींच्यात ए आहे, काहींच्यात जी. दुसऱ्या जागी काहींच्यात सी, काहींच्यात टी. समजा मूळ पूर्वजात ए-सी ही जोडी होती. पुढे एका वंशात पहिली जागा बदलून जी-सी झाली. दुसऱ्या वंशात दुसरी जागा बदलून ए-टी झाली. आता तीन जोड्या आहेत आणि तिन्हींचा हिशेब एका झाडावर लागतो. पण नमुन्यांमध्ये जी-टी ही चौथी जोडीही सापडली, तर? एका जागेवर बदल एकदाच होतो असे धरले, तर चौथ्या जोडीला एकच वाट उरते: जी-सी आणि ए-टी यांचे पुनर्संयोजन. हडसन आणि कॅप्लन यांनी १९८५मध्ये यावरूनच अशी रीत बसवली की दिलेल्या अक्षरमालांच्या इतिहासात किमान किती पुनर्संयोजने झालीच पाहिजेत, हा आकडा निघावा. रीत इतकी सुटसुटीत आहे की तिच्या पोटातली अट सहज विसरली जाते.

अट अशी की एका जागेवर बदल एकदाच होतो. केंद्रकातल्या डीएनएबाबत ही अट बऱ्यापैकी चालून जाते. तिथे एका पिढीत एका अक्षराचा बदल होण्याची शक्यता दहा कोटींत एक अशी काहीशी असते, आणि तोच बदल त्याच जागी दुसऱ्या वंशात पुन्हा होणे विरळाच. मायटोकाँड्रियात बदलाचा वेग कितीतरी जास्त. त्यातही काही जागा अशा चंचल की त्या वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा बदलतात. अशा जागेवर चौथी जोडी सापडली, तर ती पुनर्संयोजनाने आली की जी आधीच असलेल्या रेणूत टी नव्याने उगवला, हे ती जोडी सांगू शकत नाही.

दोन निबंधांपैकी एक होता आयर-वॉकर, स्मिथ आणि जॉन मेनार्ड स्मिथ यांचा. (मेनार्ड स्मिथ मूळचे विमानांचे अभियंते. उत्क्रांतीशास्त्रात आल्यावरही गणित आधी आणि रूपके नंतर, ही शिस्त त्यांनी सोडली नाही.) त्यांनी झाडावर न बसणारे, पुन्हा पुन्हा उगवलेले बदल मोजले आणि निव्वळ योगायोगाने जितके अपेक्षित असतील त्याहून ते जास्त भरतात असे दाखवले. म्हणजे मोजणीचा पुरावा. त्यावर आक्षेपही मोजणीचेच आले. अपेक्षित आकडा काढताना चंचल जागांचा चंचलपणा कमी धरला, तर जादा भरलेले सगळे बदल कागदावरचेच ठरतात. शिवाय तेव्हा छापून आलेल्या अक्षरमालांत वाचनाच्या चुका होत्या, आणि चुकीने वाचलेले अक्षर हुबेहूब पुन्हा उगवलेल्या बदलासारखे दिसते. विसंगतींची नुसती बेरीज हाती असेल तर त्यातल्या किती पुनर्संयोजनाच्या, किती चंचल जागांच्या आणि किती यंत्राच्या, हे वेगळे काढायला बेरजेत काहीच नसते.

दुसऱ्या निबंधाची कथा याहून बोधप्रद आहे. हॅगेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी वानुआतुमधल्या न्गुना या लहानशा बेटावरच्या लोकांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला होता. ७६व्या जागेवरचा एक अतिशय दुर्मीळ बदल तिथे तीन वेगवेगळ्या वंशगटांच्या माणसांत आढळला. एवढा दुर्मीळ बदल एकाच बेटावर तीनदा स्वतंत्रपणे होईल हे पटण्यासारखे नव्हते, म्हणून तो पुनर्संयोजनाने एका गटातून दुसऱ्यात गेला असावा, असा निष्कर्ष. तर्क बिनचूक होता. पण २०००मध्ये त्याच गटाला दुरुस्ती छापावी लागली. अक्षरमाला एकाखाली एक लावताना त्या भागात काही अक्षरांची सरक झाली होती, आणि ७६व्या जागेवरचा तो बदल मुळात तिथे नव्हताच. अक्षरमालांची जुळणी हे या क्षेत्रातले सर्वांत कंटाळवाणे काम. पुढची प्रत्येक कसोटी ते बरोबर झाले असे गृहीत धरते, आणि ते चुकले असेल तर कोणतीही कसोटी ते सांगत नाही. उलट चुकलेली जुळणी पुनर्संयोजनाची सुंदर नक्कल करते.

आता मांडणीकडे येऊ. चंचल जागा अक्षरमालेत आपापल्या ठिकाणी असतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या विसंगती मालेच्या डाव्या निम्म्यात एका पूर्वजाच्या बाजूने आणि उजव्या निम्म्यात दुसऱ्याच्या बाजूने अशा गट करून बसत नाहीत. पुनर्संयोजनाचे मात्र तेच लक्षण आहे. रेणू तुटून जुळतो तो सलग तुकड्यांनी, म्हणून एका पूर्वजाशी जुळणाऱ्या जागा सलग येतात. मेनार्ड स्मिथ यांनीच १९९२मध्ये यावर एक पद्धत सुचवली, आणि ती आजही वापरात आहे. तिला अधिकतम काय-वर्ग पद्धत म्हणता येईल. समजा क या मालेबद्दल संशय आहे की ती प आणि फ यांच्या तुकड्यांची बनली आहे. प आणि फ जिथे एकमेकांपासून वेगळ्या आहेत अशा २४ जागा आहेत. मधोमध कल्पित काप घेतला. कापाच्या डावीकडच्या १२ जागांपैकी ११ ठिकाणी क ही प-सारखी आहे. उजवीकडच्या १२पैकी फक्त २ ठिकाणी. या चार आकड्यांवरून काय-वर्ग निघतो सुमारे १३.६. नेहमीच्या कोष्टकात ३.८४च्या वर गेले की फरक दखलपात्र मानतात, म्हणजे हा आकडा दणदणीत आहे.

इथेच घाई नडते. काप मधोमध का घेतला? कारण तिथे फरक सर्वांत मोठा दिसला. २४ जागांमध्ये २३ ठिकाणी काप घेता येतो, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा आपण उचलला. २३ जणांतला सर्वांत उंच माणूस निवडून त्याची उंची सरासरी माणसाच्या कोष्टकात पाहणे बरोबर नाही. त्यामुळे कोष्टक बाजूला ठेवायचे आणि पत्त्यांसारखे त्या २४ जागांचा क्रम पिसायचा. क कुठे प-सारखी आणि कुठे फ-सारखी हे तसेच ठेवून फक्त जागांचा क्रम उलटापालटा करायचा, दरवेळी सगळे काप तपासून मोठ्यात मोठा काय-वर्ग लिहायचा, आणि हे हजार वेळा करायचे. हजारांपैकी किती वेळा आकडा १३.६च्या वर गेला, तेच खरे उत्तर. यातली गंमत अशी की पिसल्याने बेरीज बदलत नाही. प-शी जुळणाऱ्या जागा आधी १३ होत्या, नंतरही १३च राहतात. बदलते ती निव्वळ मांडणी, म्हणून कसोटी लागते ती मांडणीचीच.

ही पद्धत हवेतून आली नव्हती. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या मेंदूज्वराच्या जिवाणूंमध्ये पेनए नावाच्या जनुकाचा नमुना स्प्रॅट आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये उलगडला होता. जनुकाचे काही तुकडे साध्या, औषधाला बळी पडणाऱ्या जिवाणूंशी जवळजवळ अक्षरशः जुळत होते. मधले तुकडे मात्र सुमारे २२ टक्के वेगळे. एकाच जनुकात शेजारी शेजारी असा फरक उत्परिवर्तनाने पडत नाही. ते परके तुकडे नायसेरिया फ्लॅव्हेसन्स या दुसऱ्या प्रजातीतून आलेले होते. जिवाणूने प्रतिकारशक्ती कमावली नव्हती, शेजाऱ्याकडून उचलली होती. असा ढळढळीत नमुना असेल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. कसोटीची गरज पडते ती तुकडे लहान आणि फरक थोडे असतात तेव्हा.

मांडणीचाच दुसरा अवतार अंतराशी संबंधित आहे. पुनर्संयोजन होत असेल तर जवळच्या दोन जागा सहसा एकत्र राहतील आणि लांबच्या दोन जागांची ताटातूट होईल. म्हणजे जागांमधले अंतर वाढेल तसतसे त्यांचे एकत्र राहणे कमी व्हायला हवे. उत्परिवर्तनाला अंतराशी देणेघेणे नाही. अवादल्ला, आयर-वॉकर आणि मेनार्ड स्मिथ यांनी १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये माणसांच्या आणि चिंपांझींच्या मायटोकाँड्रियात हा उतार दाखवला, आणि या वेळी पुरावा योग्य जातीचा होता. मायटोकाँड्रियाचा डीएनए वर्तुळाकार असल्याने दोन जागांमधले जास्तीत जास्त अंतर निम्म्या वर्तुळाचे, सुमारे ८,२८४ अक्षरांचे. तेवढ्यातल्या तेवढ्यात उतार दिसत होता.

पण योग्य जातीचा पुरावाही तपासावा लागतो. जागांचे एकत्र राहणे मोजायची दोन प्रचलित मापे आहेत. लेखकांनी वापरले त्या मापाने उतार दिसला. दुसऱ्या मापाने तोच आलेख सपाट निघाला. लेखकांच्या बाजूने म्हणता येते की दुसरे माप मुळात बोथट आहे, चौथी जोडी नसेल तर ते जागच्या जागी ठाण मांडून बसते. हा बचाव अगदीच पोकळ नाही. मग निर्णय नव्या माहितीवर सोडावा लागतो. २०००च्या डिसेंबरमध्ये इंगमन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ५३ माणसांचे मायटोकाँड्रियल डीएनए संपूर्ण वाचून प्रसिद्ध केले, आणि त्यात अंतर व एकत्र राहणे यांचा संबंध आढळला नाही. मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मोजणीचा वाद गृहीतकांवर अडकून बसला होता, कारण चंचलपणा किती धरायचा याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या सोयीने द्यावे. मांडणीचा वाद मात्र नवीन नमुने आले की पुढे सरकला. कसोटी चांगली असणे म्हणजे ती हरू शकणे.

मायटोकाँड्रियात नाही म्हटले तरी अन्यत्र पुनर्संयोजनाचा सुकाळ आहे, आणि त्या पहिल्या दोन निबंधांच्याच वर्षी त्याचा एक ठळक पुरावा पुण्यातून गेला. १९९९मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त लोळे आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. पुण्यातले संशोधक आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांचे हे काम. नुकत्याच बाधित झालेल्या भारतीय रुग्णांतल्या सहा एचआयव्ही विषाणूंचे जवळजवळ पूर्ण जीनोम त्यात वाचले होते. पाच निघाले सी उपप्रकाराचे, भारतात ज्याचे प्राबल्य आहे त्याचेच. सहावा ए आणि सी यांचे तुकडे जोडून बनलेला. एचआयव्हीला हे सोपे जाते. त्याच्या कणात आरएनएच्या दोन प्रती असतात आणि डीएनए घडवणारे विकर मध्येच एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारते. दोन वेगळ्या विषाणूंनी एकच पेशी बाधित केली की पुढच्या पिढीत मिश्र प्रती आल्याच.

त्या कामातून जगभर पसरले ते ‘सिमप्लॉट’ हे सॉफ्टवेअर. कल्पना अगदी साधी. काहीशे अक्षरांची एक खिडकी घ्यायची, ती जीनोमवरून थोडी थोडी पुढे सरकवायची, आणि प्रत्येक ठिकाणी तपासायच्या मालेचे ए-शी किती टक्के साम्य आणि सी-शी किती, याच्या दोन रेघा काढायच्या. जिथे रेघा एकमेकींना छेदून वरखाली होतात तिथे जोड असण्याचा संभव. रेघांचे चित्र इतके पटणारे असते की त्यालाच निष्कर्ष समजण्याचा मोह होतो. खिडकी लहान घेतली तर रेघा योगायोगानेही एकमेकींना छेदतात, मोठी घेतली तर छोटा परका तुकडा तिच्यात विरून जातो. म्हणून जाणकार चित्रावरून फक्त काप कुठे घ्यायचा ते ठरवतात, आणि मग प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र झाड काढून पाहतात. एक तुकडा ए-च्या फांदीवर भक्कम बसला आणि शेजारचा सी-च्या, तर म्हणणे उभे राहते.

तरीही एक फट उरते आणि ती प्रयोगशाळेतली आहे. नमुन्यातला डीएनए पीसीआरने वाढवताना एखादी साखळी अर्धवट राहते, पुढच्या फेरीत ती भलत्याच साच्यावर जाऊन बसते आणि तिथून पूर्ण होते. तयार झालेला रेणू खरोखर पुनर्संयोजित असतो, कसोटी त्याला तसेच म्हणते आणि कसोटीचे बरोबरच असते. फक्त हे पुनर्संयोजन रुग्णाच्या शरीरात न होता नळीत झालेले असते. याला संख्याशास्त्राकडे उपाय नाही. नमुना पुन्हा घेणे, वेगळ्या नळीत वाढवणे, किंवा एकेक रेणू सुटा करून वाचणे हेच मार्ग.

यावर रास्त विचारले जाते की एवढ्या भानगडी असतील तर एक उत्तम कसोटी निवडून तीच का वापरू नये? पोसाडा आणि क्रँडल यांनी २००१मध्ये संगणकावर घडवलेल्या अक्षरमालांवर १४ पद्धतींची परीक्षा घेतली. घडवलेल्या म्हणजे पुनर्संयोजन किती आणि कुठे हे आधीच माहीत असलेल्या. प्रत्येक तुकड्याचे झाड काढून तुलना करणाऱ्या पद्धती कानाला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतात, पण त्या जागांच्या मांडणीवर थेट बोट ठेवणाऱ्या पद्धतींहून दुबळ्या ठरल्या. अक्षरमालांत फरकच थोडे असतील, तर बहुतेक पद्धती पुनर्संयोजन चुकवतात. आणि बदलाचा वेग जागोजागी फार वेगळा असला तर काही पद्धती नसलेले पुनर्संयोजन दाखवतात. तेव्हा दोन-तीन वेगळ्या धाटणीच्या कसोट्या लावाव्यात हा सल्ला आला, आणि तो योग्य आहे, मात्र एका अटीवर: किती कसोट्या, किती खिडक्या, किती जोड्या तपासल्या ते सांगितले पाहिजे. दहा कसोट्यांतली जी होकार देईल तेवढीच छापणे म्हणजे २३ कापांतला सर्वांत मोठा निवडण्याचाच प्रकार. मांडणीच्या कसोट्यांनाही एक दुखरी जागा आहे हे कबूल केले पाहिजे. जागांचा क्रम पिसताना आपण धरतो की कोणतीही जागा कोणत्याही जागेची बदली होऊ शकते. चंचल जागा एकाच भागात दाटीने असतील, आणि मायटोकाँड्रियाच्या नियंत्रण भागात त्या तशा आहेतच, तर हे गृहीतक डळमळते. २००६ची ब्रुएन, फिलिप आणि ब्रायंट यांची फाय कसोटी हा प्रश्न पुष्कळ सौम्य करते. ती फक्त जवळच्या जागांची आपसातली विसंगती पाहते आणि पिसलेल्या क्रमाशी तिची तुलना करते.

मायटोकाँड्रियाच्या गोष्टीला पुढे एक वळण मिळाले. २००२मध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद केली, ज्याच्या स्नायूंमधला सुमारे ९० टक्के मायटोकाँड्रियल डीएनए बापाकडून आला होता. २००४मध्ये क्रेट्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याच रुग्णाच्या स्नायूंत बापाचे आणि आईचे तुकडे जोडलेले रेणू शोधले, आणि नळीतल्या सरमिसळीचा आक्षेप येऊ नये म्हणून एकेक रेणू वेगळा करून वाचला. म्हणजे माणसाच्या मायटोकाँड्रियात पुनर्संयोजनाची यंत्रणा आहे. १९९९ची मंडळी बरोबर होती, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे. एका स्नायूत हे होऊ शकते आणि हजारो पिढ्यांच्या वंशावळीत ते उमटले आहे, ही दोन स्वतंत्र विधाने आहेत, आणि ५३ जीनोमांनी उत्तर दिले होते ते दुसऱ्याचे. बहुतेक माणसांच्या पेशीत सगळा मायटोकाँड्रियल डीएनए आईचाच, म्हणजे जवळपास एकसारखा असतो. त्यात दोन रेणू रोज तुटून जुळले तरी एकच मजकूर एकाच मजकुराला जोडला जाईल. चौथी जोडी तयार होणार नाही, कोणतीही कसोटी काही पकडणार नाही, आणि पूर्वजांच्या झाडाचेही काही बिघडणार नाही. एचआयव्हीतही तेच आहे. त्याचे विकर संसर्गाच्या एकेका फेरीत अनेकदा प्रती बदलते, पण पेशीत एकाच जातीचा विषाणू असेल तर त्या उड्यांचा मागमूस राहत नाही. हडसन आणि कॅप्लन यांच्या आकड्यामागे ‘किमान’ हा शब्द लागतो तो यामुळेच.